‘रिअ‍ॅक्टिव्ह’ रिपोर्ट आणि नर्सिंगचं स्वप्न

आष्टी म्हटलं की बाहेरच्यांना बीडची आठवते. ही वर्ध्याची आष्टी, १९४२च्या शहिदांची. बारावीचा निकाल लागला की इथल्याही अनेक घरांत नर्सिंगचा विषय निघतो. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी चार. कोर्स झाला की हाताला काम मिळतं, घराला आधार होतो आणि लग्नानंतर कुठेही गेलं तरी नोकरी सोबत नेता येते. सेवाग्राम आणि सावंगीचे मोठे दवाखाने जिल्ह्यातच असल्यानं पांढऱ्या गणवेशातल्या मुली इथल्या लोकांच्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत.

अशा घरात कधीकधी एक कागद येऊन पडतो. रक्तदान शिबिरानंतर ब्लड बँकेचा फोन येतो, एखाद्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत निघतं, नाहीतर प्रवेशाच्या मेडिकलमध्येच कळतं : ‘अँटी-एचसीव्ही – रिअ‍ॅक्टिव्ह’. एचसीव्ही म्हणजे हेपॅटायटिस सीचा विषाणू. घरात कुणी म्हणतं पांढरी कावीळ, कुणी म्हणतं एड्ससारखंच काहीतरी. शेवटी कुणीतरी जाणता माणूस निर्णय देतो : आता नर्सिंग विसरा, बी.ए. करू द्या. हा निर्णय बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण कागदावर जे लिहिलेलं असतं त्यापेक्षा बरंच जास्त त्यात वाचलं जातं.

‘रिअ‍ॅक्टिव्ह आलं म्हणजे रोग आहेच’

तपासणीचं कार्ड पाहिलंय? बोटाएवढी प्लास्टिकची पट्टी, एका टोकाला छोटी खाच. तिच्यात रक्ताचा किंवा सीरमचा थेंब आणि वरून बफरचे थेंब टाकायचे. काही मिनिटांत ‘सी’ या अक्षरासमोर रेघ उमटते. कार्ड चालू आहे, एवढंच ती सांगते. ‘टी’समोर दुसरी रेघ उमटली की रिअ‍ॅक्टिव्ह. ही दुसरी रेघ विषाणूची नसते. शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांची म्हणजे अँटीबॉडीची असते. विषाणू निघून गेला तरी अँटीबॉडी वर्षानुवर्षं, बहुधा जन्मभर रक्तात राहतात.

म्हणून त्या रेघेचे अर्थ एकाहून जास्त होतात. विषाणू आत्ता रक्तात असेल. किंवा तो येऊन गेला असेल आणि शरीरानंच त्याला हाकललं असेल. लागण झालेल्यांपैकी साधारण तीस टक्के लोकांत पहिल्या सहा महिन्यांत औषधाविना असं घडतं. किंवा उपचार घेऊन तो संपवलेला असेल. चौथी शक्यता म्हणजे कार्डच चुकलं असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या नमुन्यांवरून देशात हेपॅटायटिस सीच्या प्रतिपिंडांचं प्रमाण साधारण ०.३२ टक्के निघालं. आजार इतका विरळ असतो तिथे एकूण ‘पॉझिटिव्ह’मध्ये खोट्यांचा वाटा वाढतो. हे साधं गणित आहे, पण मेडिकल फिटनेसच्या टेबलावर ते क्वचितच मांडलं जातं.

खरं उत्तर देते ती एचसीव्ही आरएनए तपासणी, म्हणजे रक्तात प्रत्यक्ष विषाणू आहे का आणि किती, हे मोजणारी. ती ‘नॉट डिटेक्टेड’ आली तर त्या मुलीला हेपॅटायटिस सी नाही. कार्डावर दोन रेघा असोत नाहीतर दहा. आरएनए न पाहता नुसत्या कार्डावरून प्रवेश किंवा नोकरी नाकारणाऱ्यानं तपासणी अर्धीच केलेली असते.

‘कावीळच ना, उतरवून घेऊ’

आपल्याकडे कावीळ म्हटलं की माळ आली. गळ्यात बांधलेली माळ जसजशी लांब होत जाते तसतशी कावीळ उतरते, असं म्हणतात. सोबत उसाचा रस आणि तेल-हळदीविना जेवण. या उपायांना नाव कसं मिळालं ते समजून घेण्यासारखं आहे. दूषित पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेक लोकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि श्रेय माळेच्या खात्यावर जमा होतं.

सी या घराण्यातला वेगळाच. तो पाण्यातून, जेवणातून येत नाही, रक्तातून येतो. बहुतेकांचे डोळे पिवळे होत नाहीत, भूकही जात नाही. दहा-वीस वर्षं यकृतात बसून तो आपलं काम करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जुनाट लागण झालेल्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना वीस वर्षांच्या आत सिरॉसिस होतो. तोवर ‘मला तर काहीच होत नाही’ हे वाक्य खरंच असतं, आणि तेच घात करतं.

मग अठरा वर्षांच्या मुलीला हा आला कुठून? या प्रश्नामागचा संशय बहुधा चारित्र्याचा असतो, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं. सी विषाणू १९८९ साली सापडला. त्या कामाच्या मालिकेसाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२०चं नोबेल मिळालं. त्याआधी रक्तपिशवीत तो आहे की नाही हे तपासायची सोयच जगात नव्हती, आणि भारतात प्रत्येक रक्तदात्याची ही तपासणी सक्तीची व्हायला हे शतक उजाडावं लागलं. म्हणजे नव्वदच्या दशकात बाळंतपणात आईला रक्त चढवलं असेल तर लागण तिथे झालेली असू शकते. पुढे आईकडून बाळाकडे ती जाण्याचं प्रमाण शंभरात पाच-सहा. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे आणि त्यातल्या काही मुलामुलींना वारंवार रक्त चढवावं लागतं. त्याखेरीज जुन्या काळी एकच सुई उकळून किंवा न उकळता अनेकांना टोचणारे डॉक्टर, बंगाली असोत की गावठी, प्रत्येक तालुक्यात होते. जत्रेत एकाच सुईनं गोंदवून घेणं आहे, न्हाव्याचा वस्तराही आहे. लैंगिक संबंधातून सी पसरण्याचं प्रमाण कमी आहे. मुलीचा रिपोर्ट रिअ‍ॅक्टिव्ह आला तर चौकशी तिची न करता आधी आईची तपासणी करून घ्यावी. उपचाराची गरज कदाचित आईलाच जास्त असेल.

‘हा जन्माचा रोग, औषध नाही’

हे काही वर्षांपूर्वी जवळपास खरं होतं, त्यामुळे जुन्या सिस्टर लोकांनाही ते अजून खरं वाटतं. तेव्हा इंटरफेरॉन होतं. दर आठवड्याला इंजेक्शन, सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या, सहा महिने ते वर्षभर. ताप, अंगदुखी, केस गळणं, नैराश्य. एवढं सोसूनही सर्वसाधारणपणे निम्म्यांच्या आसपासच लोक बरे होत. खर्च तर विचारूच नका.

२०१३च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुव्हिर या गोळीला मान्यता मिळाली. तिथे एका गोळीची किंमत हजार डॉलर आणि पूर्ण कोर्सची ८४ हजार डॉलर होती. २०१४मध्ये भारतीय कंपन्यांना ती बनवायचे परवाने मिळाले आणि किंमत काही हजार रुपयांवर आली. २८ जुलै २०१८ला केंद्र सरकारनं राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत मिळतात.

सिरॉसिस नसेल तर सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर या दोन गोळ्या रोज एकदा, बारा आठवडे. सिरॉसिस असेल तर व्हेलपाटासव्हिरची जोडी दिली जाते, आणि यकृत फारच खालावलं असेल तर सोबत रिबाव्हिरिन किंवा जास्त काळ उपचार. गोळ्या संपल्यावर आणखी बारा आठवडे थांबून पुन्हा आरएनए तपासतात. तेव्हा विषाणू सापडला नाही तर माणूस बरा झाला. असं शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांत होतं. ‘दाबून ठेवला’ असा याचा अर्थ नाही. एचआयव्हीसारखी जन्मभर गोळी नाही, हेपॅटायटिस बीसारखा लपून बसलेला विषाणूही नाही. सगळं मिळून जेमतेम सहा महिने. जीएनएमचं पहिलं वर्ष अजून संपायचं असतं.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. उपचारापूर्वी हेपॅटायटिस बीची तपासणी हवीच. दोन्ही असतील आणि सी एकटा गेला तर बी उसळी मारू शकतो. आणि गर्भारपणात ही औषधं सहसा देत नाहीत, रिबाव्हिरिन तर अजिबातच नाही. लग्न ठरलं असेल तर उपचार आधी उरकून घ्यावा, नंतरवर ढकलू नये. यकृताची म्हणून विकली जाणारी काढे-सिरपं या काळात बाजूला ठेवलेली बरी.

‘ती पेशंटला सुई लावणार, मग पेशंटला होणार नाही का?’

मूळ भीती हीच आहे, आणि ती मूर्खपणाची मुळीच नाही. म्हणूनच जरा थांबून पाहू.

सी पसरायला एकाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात जावं लागतं. नर्स दिवसभर काय करते? बीपी घेते, औषधं देते, सलाईन लावते, ड्रेसिंग करते, कॅथेटर टाकते, कूस बदलते, नोंदी ठेवते. सलाईन लावताना सुईचं टोक पेशंटच्या शिरेत जातं. ते चुकून नर्सच्या बोटात गेलं तर पेशंटचं रक्त नर्सकडे येतं. धोक्याची दिशा पेशंटकडून नर्सकडे आहे. उलट दिशेनं जायचं तर नर्सचं बोट कापून तिचं रक्त पेशंटच्या उघड्या जखमेत पडावं लागेल, आणि वॉर्डातल्या नेहमीच्या कामात हे जवळपास घडत नाही.

घडू शकतं अशी कामं आहेत, पण थोडी. शरीराच्या पोकळीत हात, सोबत धारदार हत्यार किंवा हाडाचं टोक, आणि बोटं नजरेआड. ब्रिटनमध्ये नेमकी हीच रेघ आखलेली आहे. रक्तात सी विषाणू असलेला कर्मचारी या प्रकारची कामं करत नाही, बाकी सगळी करतो, आणि उपचारानं विषाणू गेल्याचं सिद्ध झालं की तीही करतो. अमेरिकेच्या सीडीसीनंही सी-बाधित आरोग्य कर्मचाऱ्यांना कामावरून दूर ठेवायला सांगितलेलं नाही. आपल्याकडच्या नर्सिंग विद्यार्थिनीनं यातून घ्यायचं ते इतकंच : विषाणू जाईपर्यंत प्रसूतीनंतरचे खोल टाके घालू नयेत आणि पोटाच्या-छातीच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये जखमेच्या आत हात घालावा लागेल अशी मदत करू नये. ट्युटर समजूतदार असेल तर क्लिनिकल पोस्टिंगचा क्रम मागेपुढे करून हे सहज जमतं. पहिल्या वर्षाच्या मुलीला टाके घालायला देतंच कोण?

मग आरोग्य कर्मचाऱ्यांकडून पेशंटना सी झाल्याच्या बातम्या येतात त्या कशाच्या? सर्वांत गाजलेली दोन प्रकरणं पाहा. स्पेनमधल्या वॅलेन्सियात हुआन मायेसो या भूलतज्ज्ञाकडून २७५ जणांना लागण झाली. २००७मध्ये त्याला शिक्षा झाली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये डेव्हिड क्वियाटकोव्स्की हा तंत्रज्ञ २०१२मध्ये पकडला गेला आणि त्याला ३९ वर्षांची कैद झाली. दोघंही व्यसनी. पेशंटसाठीचं गुंगीचं इंजेक्शन ते आधी स्वतः टोचून घेत आणि तीच सिरिंज पेशंटसाठी वापरात येई. लागण झाली ती चोरीमुळे. नेमून दिलेलं काम सरळपणे करताना हे झालेलं नाही.

दवाखान्यातला खरा रोजचा धोका तर आणखी वेगळा, आणि त्यात नर्स बाधित आहे की नाही याचा काही संबंधच येत नाही. डायलिसिस युनिटमध्ये हेपॅरिनची एकच कुपी अनेक पेशंटसाठी उघडी असते. एका पेशंटला वापरलेली सिरिंज, सुई बदलून का होईना, पुन्हा त्या कुपीत घातली की कुपीच दूषित होते. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनकडे त्याच ग्लोव्हजनी गेलं तरी तेच. म्हणजे स्वतः पूर्ण निरोगी असलेली, पण घाईत ग्लोव्हज न बदलणारी नर्स पेशंटला सी देऊ शकते, आणि सी असलेली, पण दरवेळी नवी सिरिंज घेणारी नर्स देत नाही. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही, घरातल्या तापमानाला, पृष्ठभागावर काही आठवडे तग धरतो. त्यामुळे ट्रॉली पुसणं हे पेशंट वाचवण्याचंच काम आहे. भरतीच्या वेळी रक्त तपासणारी आणि वॉर्डात ग्लोव्हजच्या खोक्याला कुलूप लावणारी व्यवस्था मला तरी उलट्या डोक्याची वाटते.

‘एकदा सुई टोचली की संपलं’

ही भीती आईवडिलांची, आणि ती निरोगी मुलीबद्दलही असते. सी-बाधित पेशंटची सुई टोचल्यावर लागण होण्याचं प्रमाण पूर्वी हजारात अठरा धरलं जाई. अलीकडच्या मोठ्या पाहणीत ते हजारात दोन निघालं. एचआयव्हीचं हजारात तीन. लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बीचा धोका मात्र हजारात तीनशेपर्यंत जातो. नर्सिंगला जाणाऱ्या प्रत्येक मुलीनं घाबरायचंच असेल तर बीला घाबरावं आणि शून्य, एक, सहा महिन्यांचे तीन डोस घेऊन टाकावेत. सीवर लस नाही. टोचल्यावर लगेच घ्यायची प्रतिबंधक गोळीही नाही. पण जखम साबण-पाण्यानं धुवायची, घटना नोंदवायची, पहिल्या ४८ तासांत स्वतःचं रक्त तपासून ठेवायचं, तीन ते सहा आठवड्यांनी आरएनए आणि चार ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची. लागण निघालीच तर वर सांगितलेला उपचार आहे. लपवण्यासारखं यात काही नाही, आणि लपवलं तर ती ड्युटीवर झाली हे पुढे सिद्ध करता येत नाही.

पुष्कळ सुया टोचतात त्या टोपण परत बसवताना. टोपण बसवायचंच नाही. सुई थेट हब कटरमध्ये, आणि टोकदार कचरा पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी रंग ठरवून दिलेत. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करायचा. तो ओसंडेपर्यंत वाट पाहणारे वॉर्ड आहेत, आणि तिथे सफाई कामगाराच्या हाताला सुई लागते. त्याच्या रक्ताची तपासणी कुणी करत नाही.

‘नियमातच बसत नाही’

कुठल्या नियमात, हे विचारून घ्यावं. भारतीय परिचर्या परिषदेची अट आहे ती उमेदवार वैद्यकीयदृष्ट्या योग्य असावा ही. ‘योग्य’ म्हणजे काम करण्याची क्षमता. हेपॅटायटिस सीचं वेगळं संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे नाही. एचआयव्हीसाठी २०१७चा आहे आणि तो नोकरी-शिक्षणातल्या भेदभावाला मनाई करतो. पण त्याच्याही वीस वर्षं आधी, १९९७मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या प्रकरणात एचआयव्ही-बाधित कामगाराच्या बाजूनं निकाल दिला. काम करायला सक्षम असलेल्या आणि कामाच्या ठिकाणी इतरांना लक्षणीय धोका नसलेल्या माणसाला केवळ बाधित आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असा त्याचा आशय. तो निकाल सीबद्दल नव्हता. पण घटनेच्या ज्या समानतेच्या आणि जगण्याच्या हक्कावर तो उभा आहे ते हक्क विषाणूचं नाव पाहून बदलत नाहीत. कॉलेजनं नकार दिला तर तो लेखी मागावा, कारणासह. तोंडी दिलेले नकार लेखी मागितल्यावर पुष्कळदा मऊ होतात.

आखाताची गोष्ट वेगळी. तिकडे नोकरीला जाण्यापूर्वीच्या सक्तीच्या वैद्यकीय तपासणीत बी आणि सी दोन्ही पाहतात आणि पॉझिटिव्ह अहवालावर उमेदवार अडतो. दुबई-कुवेतचा विचार असेल तर उपचार पूर्ण करून बारा आठवड्यांनंतरचा आरएनए अहवाल हातात असल्याशिवाय एजंटला पैसे देऊ नयेत.

घरातली ताटं आणि वर्धा जिल्हा

सीमुळे ताट-वाटी वेगळी करावी लागत नाही, पाणी वेगळं नाही, बाळाला दूधही चालतं. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तेवढ्यापुरतं थांबावं. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश. हे वर्धा जिल्ह्यात सांगावं लागावं याची मला गंमत वाटते. कुष्ठरोगाच्या नुसत्या नावानं लोक दूर पळत त्या काळात सेवाग्रामच्या आश्रमात कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजी स्वतःच्या हातांनी करत. दत्तपूरचं कुष्ठधाम मनोहर दिवाणांनी १९३६मध्ये उभं केलं. बाबा आमटे हिंगणघाटचे. सी तर स्पर्शानं पसरतच नाही.

आष्टीच्या मुलीनं सुरुवात ग्रामीण रुग्णालयापासून करावी आणि तिथून वर्ध्याच्या सिव्हिलमध्ये हेपॅटायटिस कार्यक्रमाबद्दल विचारावं. कार्डाचा रिपोर्ट, उपचारापूर्वीचा आरएनए, औषध संपल्याची तारीख आणि बारा आठवड्यांनंतरचा आरएनए एका फाइलमध्ये ठेवावेत. झेरॉक्स द्यावी, मूळ प्रत कुणाला देऊ नये. ही माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरला आणि गरज असेल तर कॉलेजच्या आरोग्य अधिकाऱ्याला सांगायची असते. होस्टेलला, वर्गाला किंवा पेशंटला सांगायचं बंधन नाही.

बरं झाल्यावरही पुन्हा लागण होऊ शकते, कारण एकदा होऊन गेल्यानं संरक्षण मिळत नाही. सिरॉसिसपर्यंत पोचून बरं झालेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची असते. दारू सोडायची ती सोडायचीच. रात्रपाळीला यातलं काहीच आड येत नाही. आणि कॉलेजच्या रक्तदान शिबिरात मात्र हिनं सुई टोचून घ्यायला झोपायचं नाही, कारण सी होऊन गेलेल्याचं रक्त आपल्याकडे कायमचं नाकारतात. दात्यांचं वजन-बीपी नोंदवायच्या टेबलावर बसायला हरकत नाही.